रेणूच्या कपाळावर बसलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची काठी आहे. बेगम बाजारातल्या एका दुकानात मला तेल पाजलं, टोकाला लोखंडी शेंबी ठोकली. तिथून नामदेवरावांनी मला घरी आणलं. ते जामबागेतल्या एका शाळेत शिकवत. संक्रांतीच्या सुट्टीत आपल्या तीन मुलांना घेऊन ते अनंतगिरीच्या डोंगरापर्यंत पायी जात. मुलं त्यांना अण्णा म्हणत. कुत्री भुंकत आली की मला पुढे करत, चढ लागला की माझ्यावर भार टाकत. "हे माझं चौथं लेकरू," असं ते म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे त्यांना काही आठवेनासं झालं. बाहेर पडले की ते हरवत. मग नारायणगुड्याच्या घरात मीही दारामागे धूळ खात उभी राहिले. गेल्या वर्षी ते वारले. तेव्हापासून युवराज आणि प्रशांत हे त्यांचे दोघे मुलगे एकमेकांशी बोलत नव्हते.

यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीने, रेणूने, मला सोबत घेतलं आणि दोघांना हट्टाने वडिलांच्या वाटेवर चालायला काढलं. चालताना एक पुढे, एक मागे राही, म्हणून भांडण टळत होतं. पण डोंगर एका दिवसावर आला आणि अवकाळी पाऊस कोसळला. एका शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत दिवसभर थांबावं लागलं. बोचरी थंडी, ओले कपडे आणि तिघांत एकच खोली!

दुपारी शेताची राखण करणाऱ्या गंगूबाईंनी चहा आणला. वाऱ्याने दार आपटू लागलं, म्हणून युवराजने कडी लावली. प्रशांत एकदम उसळला.

"कड्या लावायची सवयच आहे तुला, दादा! अण्णांनाही असंच कोंडलंस ना?"

"तू कितीदा आलास रे त्यांना बघायला? गच्चीबावलीहून नारायणगुडा लांब पडतं ना!"

"नक्को बोलू! जनावरासारखं ठेवलंस त्यांना!"

युवराजने मला उचललं. पहिला तडाखा प्रशांतच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. प्रशांतने मला हिसकावलं आणि भावाच्या पाठीवर, मांडीवर वेड्यासारखं हाणलं. चहाचे ग्लास फुटले. "वद्दु बाबू, वद्दु! नका मारू!" गंगूबाई हात जोडून ओरडत होत्या. रेणू मध्ये शिरली, आणि माझी शेंबी तिच्या कपाळावर बसली. भुवईवरची कातडी फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली कोसळली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. कडी होती, हे खरं. पण कडी लावून युवराज दाराबाहेर हुंदके देत असे, हेही मी आतून ऐकलं होतं.

गंगूबाईंनी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलावला. भर पावसात एकाने रेणूचं डोकं मांडीवर धरलं, दुसऱ्याने आपला सदरा जखमेवर दाबला. दवाखान्यात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

खोलीवर परतल्यावर प्रशांतने मला उचललं आणि चुलीकडे नेलं. "जाळून टाकतो हिला."

"काठीने काय केलं?" रेणू अंथरुणावरून म्हणाली. "हात तुझा होता. आणि दादा, आधी तुझा."

प्रशांतने मला खाली ठेवलं. युवराज हळूच म्हणाला, "दोनदा अण्णा बसखाली येता येता वाचले रे. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मग तेव्हाच सांगायचं ना, दादा," प्रशांत म्हणाला.

यंदा डोंगर राहूनच गेला. रेणूने माझ्यावरचं रक्त धुतलं आणि माझ्या आधाराने ती परतीच्या ट्रॅक्टरपर्यंत गेली.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, अधूनमधून तेल पाजा. मात्र राग आला की मला हात लावू नका. थकलेल्या माणसाचा भार मी कितीही सोसेन. पण कुणाच्या अंगावर पडताना मला स्वतःला थांबवता येत नाही.