कांबळे पांघरणारा फ्रीजर

हसू नका मित्रांनो, पण भर उन्हाळ्यात लोकरीचे कांबळे पांघरून बसलेला मी एक जुना आइस्क्रीमचा फ्रीजर आहे. माझे नशीब फार चांगले, म्हणून मला असा मालक मिळाला.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो आणि माझ्या पोटावर कंपनीचे रंगीत चित्र होते. २००३ साली ट्रकमधून मी नागपूरकडच्या गोरेगावला उतरलो. जवळच्या कामठा गावचे केवळराम पटले फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि फंडाचा पैसा घालून त्यांनी आइस्क्रीम कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. दुकान त्यांचे, नाव कंपनीचे, नियमही कंपनीचे. मीसुद्धा कंपनीचाच, फक्त वापरायला दिलेला.

नियम म्हटले की हवालदारसाहेब खूश! सकाळी ठरल्या वेळी शटर वर जाई. मग ते मला बंदूक पुसावी तसे पुसत. एका कुल्फीसाठी आलेल्या पोरांनाही ते रांगेत उभे करीत. पोरे बिचारी घाबरून चव न बघताच पळत.

पुढे लोडशेडिंग आले. वैशाखात गोरेगावची वीज तासन्‌तास जाऊ लागली आणि माझा जीव कासावीस होऊ लागला. एके दिवशी साहेबांनी ट्रंकेतून फौजेचे जाड कांबळे काढले आणि मला चहूबाजूंनी गुंडाळले. त्यांच्या पत्नी शामकलाबाई बघतच राहिल्या.

"कायले कंबल पांघरवून राहिले जी? त्याले का थंडी वाजून राहिली?"

"बर्फाच्या पोस्टवर आमी पान्याच्या डब्याले असंच गुंडाळत होतो," साहेब म्हणाले. "मंग पानी गोठे नाई. जे कंबल थंडी आत येऊ देत नाई, थे गरमीबी येऊ देनार नाई."

खरेच, त्या दिवशी माझ्या पोटातली एकही कुल्फी विरघळली नाही. मित्रांनो, तेव्हापासून त्या कांबळ्यावर माझा फार जीव आहे.

पण मे महिन्यात नागपूरहून कंपनीचे अधिकारी तपासणीला आले. माझ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कंपनीचे चित्र झाकलेले चालणार नाही. पुन्हा असे दिसले तर एजन्सी जाईल आणि फ्रीजरही परत नेऊ."

"येस सर," साहेब म्हणाले. जन्मात कधी हुकूम मोडला नव्हता त्यांनी. कांबळे घडी होऊन ट्रंकेत गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच वीज गेली. मी जीव तोडून गारवा धरून ठेवला, पण दुपारपर्यंत सगळा माल मऊ पडला. साहेब खुर्चीवर मान खाली घालून बसले. असा माल आणखी दोनदा गेला असता तर दुकानाला कुलूपच लागले असते.

शामकलाबाईंनी विचारले, "फौजेत हुकूम चुकीचा असन तं वरच्या साहेबाले सांगत नोहते का?"

"सांगत होतो."

"मंग आता काऊन चुप बसून राहिले?"

साहेब उठले. आधी त्यांनी बाजारातल्या पोरांना हाक मारली. "या रे, खाऊन टाका सारं. लाइन राहू द्या!" पोरे माझ्यावर तुटून पडली. मग एस.टी.डी. बूथवर जाऊन त्यांनी नागपूरला फोन लावला. "सर, हुकूम पाळला, माल गेला. आता एक डाव बाजाराच्या दिवशी येऊन माझं म्हननं पाहून घ्या."

अधिकारी खरेच आले. बाहेर जमीन तापली होती, वीज गेलेली होती, अन्‌ मी कांबळे पांघरून बसलो होतो. त्यांनी झाकण उघडून कुल्फी दाबून पाहिली. ती दगडासारखी टणक होती. ते मोकळेपणी हसले, पण म्हणाले, "पटलेजी, चित्राचं काय करायचं?"

"तुमाले चित्रच दिसाले पाह्यजे ना?" शामकलाबाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीचं कापडी पोस्टर द्या. मी कंबलावर शिवून देतो."

आणि त्यांनी दिले शिवून! ते बघायला लोक येऊ लागले अन्‌ कुल्फी घेऊन जाऊ लागले. आधी पळणारी पोरे आता आपणहून रांग लावत आणि साहेबांना सलाम ठोकत. किती लग्ने, किती वाढदिवस मी गोड केले!

२०१४ मध्ये माझा कॉम्प्रेसर कायमचा बसला. कंपनीने नवा फ्रीजर पाठवला आणि मी भंगारात निघालो. साहेबांनी मला मागून घेतले. अधिकाऱ्यांनीही आनंदाने दिले.

आता मी कामठ्याच्या घरी असतो. मला गार करता येत नाही, पण माझे झाकण अजून घट्ट बसते. उंदीर, कसर, ओल, कशालाही मी आत येऊ देत नाही. म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिचे झाकण एकदा लावून बघा. तिच्याकडून काहीतरी काम अजून होण्यासारखे असते.

माझ्या पोटात आता एकच मौल्यवान वस्तू आहे. थंडी पडली की शामकलाबाई ते चित्राचे कांबळे काढून साहेबांच्या अंगावर घालतात. आणि ऊन तापू लागले की ते घडी होऊन परत माझ्याकडे येते. इतके उन्हाळे त्याने मला सांभाळले. आता मी त्याला सांभाळतो.