खरवडलेला शब्द

खर्र... खर्र... बंद खिडक्यांच्या त्या खोलीतली शांतता मोडायची ती माझ्याच आवाजाने.

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. पाव कापणारा नव्हे, मांस चिरणाराही नव्हे. मी अक्षरं खरवडणारा चाकू. बोटाएवढं पातं, हाडाची मूठ. फिलाडेल्फिया शहरातले नकलनवीस एल्नाथन पाइक हे माझे धनी. चर्मपत्रावर एखादा शब्द चुकला, की मी तो अलगद सोलून काढायचो. मग धनी तिथे राळेची पूड चोळायचे आणि दुसरा शब्द बसवायचे. "पाइकच्या कागदावर खाडाखोड शोधून दाखवा!" असं लोक म्हणत, तेव्हा माझ्या हाडाच्या मुठीवरही मूठभर मांस चढायचं.

सतराशे सत्त्याऐंशीचा तो उन्हाळा. अमेरिकेच्या बारा राज्यांची मंडळी देशाची राज्यघटना लिहायला आमच्या शहरात जमली होती. त्यातले एक गृहस्थ आपले मसुदे धन्यांकडून उतरवून घेत. गुपित फुटू नये म्हणून सभेच्या खिडक्या बंद, म्हणून आमच्याही बंद. लहान राज्यं म्हणाली, सगळ्यांना सारखी मतं द्या. मोठी म्हणाली, डोकी मोजा. भांडून भांडून एका सभागृहात बरोबरी आणि दुसऱ्यात डोकी असं ठरलं. मग गुलामांची डोकी धरायची की नाही, यावर पुन्हा जुंपली. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा तोडगा निघाला. प्रत्येक तोडग्याला माझी खर्र खर्र झाली. मला वाटायचं, भांडण मिटतंय ना, मग चांगलंच आहे.

घरात धुणं धुवायला सूकी यायची. तीन वर्षांपूर्वी ती मेरीलँडमधल्या तंबाखूच्या मळ्यातून पळून आली होती, अजून पुरतं चालताही न येणाऱ्या लेकीला, टेम्पीला, पाठीशी बांधून. उकाड्याने जीव जायची वेळ आली, तरी सूकी डावी बाही कधी वर करत नसे. टेम्पी मेजाखाली बसून माझ्या पात्याखालचा पांढरा भुगा गोळा करायची. ती त्याला पीठ म्हणायची.

"पाइककाका, काय करता हो?"

"चुकलेलं अक्षर काढतोय गं, पिल्ला."

सप्टेंबरातल्या एका दुपारी सूकीने कपड्यांची टोपली ठेवता ठेवता सहज विचारलं, "आज कोणाचा गळा कापताय, साहेब?"

"'कायदेशीर' या शब्दाचा," धनी हसले. "लिहिलं होतं, 'कायदेशीरपणे कामाला बांधलेली व्यक्ती'. तो शब्द काहींना बोचला. गुलामी न्यायाची आहे असं वाटेल म्हणे. आता 'त्या राज्याच्या कायद्यानुसार' असं घालायचं. आणि बघ, 'गुलाम' हा शब्द तर अख्ख्या कागदात कुठे नाही!"

"बरं. अन् त्या व्यक्तीचं करायचं काय?"

धन्यांचा हात थांबला. "पळून दुसऱ्या राज्यात गेली... तर मागणाऱ्याच्या हवाली करायची."

आजवर अशा पळून आलेल्यांकडे शहरातले भले लोक डोळेझाक करीत. आता त्यांना धरून देण्याचा सगळ्या देशाचा शब्द दिला जाणार होता.

"म्हणजे मला," सूकी म्हणाली. "अन् हिला. गुलाम म्हणायला जीभ अडखळते, धरून द्यायला हात नाही अडखळत होय?"

"तडजोड आहे, सूकी. नाहीतर दक्षिणेची राज्यं उठून गेली असती."

"तडजोड समोरासमोर बसलेल्यांची असते, साहेब. मला कोणी खुर्ची दिली होती?"

धन्यांनी मला पुन्हा कागदावर टेकवलं. मित्रांनो, मी तो शब्द खरवडला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम ते. खूणसुद्धा राहिली नाही.

दुसऱ्या सकाळी धन्यांनी सूकीला उत्तरेकडे जाणारी एक मालाची घोडागाडी गाठून दिली. "वाटेत सलगम सोलायला होईल," म्हणत त्यांनी मला तिच्या टोपलीत टाकलं. मला वाटतं, त्यांना मी मेजावर नकोसा झालो होतो.

"तिकडेही हाच कागद येणार ना?" सूकीने विचारलं. त्यांनी तिची टोपली उचलून गाडीत ठेवली. तरीही ती गाडीत चढली.

आज मी गंजलो आहे. माझी मूठ तडकली आहे. मला धार लावू नका, पुसूही नका. एवढंच करा, की एखादा कागद फार गुळगुळीत दिसला, तर त्यावरून बोट फिरवून पाहा. तिथून काय काढलं आणि कोणासाठी काढलं, हे विचारा.

मी तरी त्या गाडीतली दुपार विसरू शकत नाही. हिसक्यांनी सूकीची डावी बाही वर सरकली होती. दंडावर तिच्या मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर डागलेलं होतं. टेम्पीने टोपलीतून मला काढलं, आपल्या फ्रॉकला पुसलं, आणि त्या अक्षरावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं.

"आई, हा चुकलेली अक्षरं काढतो ना? मग काकांनी हे का नाही काढलं?"