वाढव

"विझव म्हणू नये गं. दिवा वाढव म्हणावं." लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी देवघरात हे सांगितलं आणि ते जिभेवर बसलं ते बसलंच. आता दिवाच काय, गॅस, पंखा, ऑफिसातला कॉम्प्युटर, काहीही बंद करायचं असलं तरी माझ्या तोंडी 'वाढव'च येतं. माझ्यासोबत नेटवर्क दुरुस्तीची कामं करणारा केतन त्यावरून मला छळतो. "माधुरी, तुझ्याकडे सगळं वाढतच असतं, कमी काय होतं गं?"

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात होतो. आयसीयूतल्या प्रत्येक खाटेवरच्या मॉनिटरचे आकडे सिस्टरांच्या टेबलावर मोठ्या स्क्रीनवर येतात, ते सकाळपासून मधेच गोठत होते. नेटवर्कवर कुठलं तरी यंत्र अवचित इतका डेटा ओतायचं की बाकीच्यांची वाट अडायची. ते यंत्र आम्हांला शोधायचं होतं.

"गोठला तरी कळत नाही, हेच भय आहे," हेड सिस्टर संघमित्रा म्हणाल्या. "आकडे चांगलेच दिसतात. फक्त जुने असतात." खिडकीजवळच्या खाटेवर विद्याधरकाका नावाचे पेशंट होते. त्यांचा ठोका मधूनच मंदावायचा. सिस्टर सकाळपासून त्यांच्या उशाशी उभ्या होत्या, बाकीच्या खाटांपाशीही त्यांनी एकेक नर्स उभी केली होती. "सापडलं की इथे येऊन मला सांग. फोनवर नको. फोनवर कुणी हो म्हणालं की नाही म्हणालं, कळत नाही. तोवर मी बसणार नाही."

"येते," मी म्हटलं.

केतन तळमजल्यावर सर्व्हर रूममध्ये बसला. मी चौथ्या मजल्यावर आयसीयूतच, सगळ्या यंत्रांच्या वायरी जिथे जुळतात त्या नेटवर्क स्विचच्या कपाटापाशी, जिथून तो स्क्रीन दिसत होता. स्विचमधून जाणारं डेटाचं प्रत्येक पॅकेट तपासणं शक्य नसतं. म्हणून सँपलिंग करायचं, हजारातलं एक उचलायचं आणि केतनच्या कॉम्प्युटरकडे धाडायचं. शितावरून भाताची परीक्षा. मात्र जितकी शितं जास्त, तितका स्विचवर भार, आणि हा स्विच म्हातारा होता.

"काही दिसत नाही यार," फोनवर केतन म्हणाला. "सगळं गुडीगुडी."

"थोडं वाढव. पाचशेत एक कर."

"मोठ्यानं बोल ना, इथे एसी बोंबलतोय."

मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज मुळातच खालचा. पाचशेत काही सापडलं नाही. दोनशेत एक केलं आणि समोरचा स्क्रीन अडखळू लागला. आकडे उड्या मारत बदलत होते. स्विचला झेपत नव्हतं.

"केतन, वाढव आता. लगेच वाढव."

"नक्की? सगळ्या पोर्टवर?"

"हो रे, सगळ्या."

स्क्रीन थांबला. सगळ्या खाटांचे आकडे एकदम. काकांच्या नावासमोर बहात्तर होतं आणि ते बहात्तरच राहिलं. सिस्टरांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. त्यांची बोटं काकांच्या मनगटावर होती. "डॉक्टरांना बोलवा," त्या शेजारच्या नर्सला म्हणाल्या, अगदी सावकाश. "ठोका मंदावतोय."

"केतन, काय केलंस?"

"तू सांगितलंस ते. वाढवलं. दहात एक, सगळीकडे."

मग मला उमगलं. पण तोंडून पुन्हा 'अरे, वाढव' एवढंच आलं. तो म्हणाला, "अजून?" डॉक्टर धावत आत शिरले. काकांचे ओठ काळवंडले होते.

"विझव," मी ओरडले. "बंद कर. सँपलिंग बंद कर, केतन."

वॉर्डातली सगळी माणसं माझ्याकडे वळली. घरात मी देवाला हाकही इतक्या मोठ्यानं मारत नाही.

आकडे हलले. काकांच्या नावासमोर एकेचाळीस उमटलं. खरा आकडा तो होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. एकेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेपन्न. मी मनात नाम घेत होते, पण मोजणी त्या स्क्रीनचीच चालली होती.

"माधुरी, ऐकतेयस?" केतनचा आवाज उतरला होता. "त्या गोंधळात शितं भरपूर आली. ते यंत्र म्हणजे पार्किंगमधल्या नव्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. क्षणभर उसळतो आणि गप्प बसतो, म्हणून हजारात एकात गावत नव्हता."

मी खाली उतरले. सिक्युरिटीच्या साहेबांना विचारून त्या रेकॉर्डरची वायर काढली. मग केतनच्या शेजारी बसले आणि दोघंही बराच वेळ नेटवर्कवरच्या डेटाचा आलेख पाहत राहिलो. रेघ सपाट होती.

"वाट लागली होती आज," तो म्हणाला. "मी पण परत विचारायला हवं होतं. पण तू पुढच्या वेळी साधं बंद म्हण ना गं."

"स्विचला म्हणेन. दिव्याला नाही."

तो हसला. "काका बरे आहेत, वरून कळलं. सिस्टरांना कळवायचंय ना? थांब, इंटरकॉम लावून देतो."

"नको."

लिफ्ट वरच कुठेतरी अडकली होती. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि जिना चढू लागले.