निरंक

"काका, स्पर्श नको," विनिता मॅडम मागून म्हणाल्या. "चार बोटं वर."

मालोजींनी हात उचलला. खाली सतरंजीवर मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी डोळे मिटून पडले होते. आपल्याला टोचणार तर नाहीत ना, असा त्यांचा चेहरा होता. छत्तीस वर्षं मालोजींचा हात कोपरापर्यंत आत जाऊन काम करत आला होता. चार बोटं वर राहून काम करण्याइतक्या स्वच्छतेची त्यांना सवय नव्हती.

कडावच्या पुढे भातखाचरं संपतात तिथे हे फार्महाऊस. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची माणसं इथे ऊर्जा उपचार शिकायला येत. पहिली पायरी दोन दिवसांची, दोन वेळच्या खिचडीसह. फळ्यावर मॅडमनी तीन ओळी लिहिल्या होत्या. 'पहिला विचार तोच खरा. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. कोणाचेही औषध-डॉक्टर बंद करायचे नाहीत.' तिसरी ओळ लाल खडूने होती. सगळ्यांनी पहिल्या दोन वहीत उतरवून घेतल्या.

पद्धत सोपी होती. आडव्या पडलेल्या माणसाचं दुखणं फक्त मॅडमना माहीत. विद्यार्थ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवायचा आणि जो पहिला विचार येईल तो चिठ्ठीवर लिहून घडी घालायची. मग मॅडम चिठ्ठ्या वाचणार. बँक अधिकाऱ्यांबद्दल अकरा चिठ्ठ्यांत अकरा गोष्टी निघाल्या. बालपणीचं दुःख, डावा गुडघा, आईवरचा राग, अडकलेली ऊर्जा, सोडून न दिलेलं काहीतरी. मालोजींच्या चिठ्ठीत होतं, 'पित्ताशय. खडे. दोन.'

"दोन?" अधिकारी ताडकन उठून बसले. "सोनोग्राफीत दोनच आहेत हो!"

टाळ्या पडल्या. माधवीने, म्हणजे मालोजींच्या मुलीने, सर्वांत मोठ्या वाजवल्या. ती कर्जतला दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला होती आणि आधीच्या बॅचमध्ये पहिली पायरी चढून आली होती. वडिलांना तिनेच ओढून आणलं होतं.

"बाबा, मी सांगत होते ना? तुमच्या हातात ऊर्जा आहे. तुम्ही ती जन्मभर गुरांवर वाया घालवलीत."

"गुरांनी कधी तक्रार नाय केली," मालोजी म्हणाले.

ते खालापूर तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे गुरांच्या जखमा धुऊन पट्टी बांधणारे, होते. हा शब्द तालुक्यात कोणालाच म्हणता येत नसल्यामुळे लोक त्यांना डॉक्टर म्हणत. खऱ्या डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा कार्यभार होता, ते सहीपुरते भेटत. मग गाय गाभण आहे की रिकामी, हे सांगायचं काम आपोआप मालोजींकडे आलं. हात आत जायचा आणि कोपर ओलं व्हायच्या आधी उत्तर तयार असायचं. ते कुठून येतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मालोजींनी तारीख सांगितली आणि गाय दुसऱ्या तारखेला व्याली, असं पंचक्रोशीत झालं नव्हतं. पुढे पुढे डॉक्टरही आधी त्यांना विचारत आणि मग सही करत.

रविवारी दुपारी शरीरं कमी पडली. दोघंजण खिचडीनंतर जड झाल्याचं सांगून झाडाखाली गेले होते. मॅडमनी कोपऱ्यात बसलेल्या इंदूबाईंना विचारलं, "काकू, तुम्ही पडता का जरा?"

इंदूबाई मालोजींच्या पत्नी. त्या शिकायला आल्या नव्हत्या. चांगल्या ऊर्जेत नुसतं बसलीस तरी बरं वाटेल, असं माधवीने सांगितलं होतं. गेले काही महिने त्यांना जेवण जात नव्हतं. ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले होते. कर्जतच्या डॉक्टरांनी पित्ताच्या पुड्या तीन वेळा बदलल्या आणि पुड्या संपल्यावर पनवेलच्या मोठ्या इस्पितळात स्कॅन लिहून दिला. मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली होती.

"पडते की," इंदूबाई म्हणाल्या. "घरी कोन पडू देतंय दुपारचं?"

मालोजींची पाळी शेवटची आली. डोकं झालं, गळा झाला, छाती झाली. चार बोटं वरून हात सरकत होता आणि इंदूबाई एक डोळा किलकिला करून बघत होत्या. "गुदगुल्या नका करू," त्या पुटपुटल्या. बरगड्यांच्या खाली, उजव्या बाजूला, हात थांबला. मालोजींनी थांबवला नव्हता. पहिला विचार आला. बाकीच्यांचे विचार धुरासारखे येत असावेत. मालोजींना तो आकारासकट आला.

त्यांनी हात पुढे नेला, पायापर्यंत नेऊन परत आणला. तो तिथेच थांबला.

चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून ते बराच वेळ बसले. सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला साथीच्या रोगांचा तक्ता वर जायचा. त्यात आकडा लिहिला की दुसऱ्या दिवशी जीप येई, पाच प्रतींत माहिती मागितली जाई आणि गुरं बांधून ठेवल्याबद्दल गाव शिव्या देई. 'निरंक' लिहिलं की कोणी येत नसे. छत्तीस वर्षांत मालोजींच्या हाताने सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द तोच असावा. पेन टेकवल्यावर तो आपोआप उमटला.

मॅडमनी चिठ्ठ्या वाचल्या. इंदूबाईंच्या पोटात माहेरची ओढ, न रडलेलं रडणं आणि वायू निघाला. शेवटी मालोजींची चिठ्ठी. "निरंक," मॅडमनी वाचलं आणि वर बघितलं.

"म्हंजे?" इंदूबाईंनी विचारलं.

"म्हणजे काही नाही, आई! काही नाही तुला!" माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांचं कधी चुकलंय?"

हे खरं होतं आणि तीच पंचाईत होती. संध्याकाळी इंदूबाईंनी खिचडी दुसऱ्यांदा मागून घेतली. ताट पुढे करताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मालोजींना तिकडे बघवेना. "ते पनवेलचं कॅन्सल कर गं," त्या मुलीला म्हणाल्या. "उगाच त्या मशीनीत घालतील मला. तुझ्या बापाच्या हातापेक्षा काय मोठी हाय ती मशीन?"

माधवीने तिथल्या तिथे फोन लावला. तिला दवाखान्यांशी बोलायची सवयच होती.

मालोजींनी मॅडमना हात धुण्याच्या नळापाशी गाठलं.

"मॅडम, पहिला विचार खरा म्हणता, तर दुसरा येतो कशाला?"

"दुसरा घाबरलेल्या मनाचा असतो, काका."

"आणि पहिलाच वाईट आला तर?"

मॅडमनी नळ बंद केला. "कोणाबद्दल?"

"असंच. अभ्यास म्हणून."

"प्रेमाने प्रकाश पाठवायचा."

"आणि पाठवून झाला की?"

"मग माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं," त्या साधेपणाने म्हणाल्या. "मी दर वेळी लाल खडूने लिहिते. कोणी वाचत नाही." मग म्हणाल्या, "माझे वडील गेले त्या आजारात मला आधीच कळलं होतं. मी त्याला भीती म्हटलं आणि ध्यान वाढवलं. दोन तासांचं चार तास केलं. काकूंना तुम्ही निरंक लिहिलंत ना?"

"हो."

"मग?"

"मग काय नाय."

 काहीतरी विचारायला मॅडमनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी हाका आल्या आणि त्या गेल्या. फोटोत मालोजींना मधोमध उभं केलं.

सोमवारी सकाळी गावातला हिरू म्हैस घेऊन अंगणात आला. मालोजी निवृत्त झाले होते, पण हे गावाने अजून मान्य केलं नव्हतं.

"डॉक्टर, बगा की जरा. भरून दोन महिनं व्हून गेलं."

मालोजींनी बाही वर केली. मिनिटभराने म्हणाले, "रिकामी हाय."

"नीट बगा ओ. माजावर नाय आली ती परत."

"रिकामी हाय, हिरू. परत भरून घे."

हिरू म्हशीवर राग काढत गेला. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या इंदूबाई म्हणाल्या, "म्हशीचं कसं फाडकन सांगितलंत. त्याचं तोंड बघितलंत का? एवढंसं झालं."

"खोटं सांगून काय रेडकू होतंय?" मालोजी म्हणाले, आणि आपलंच बोलणं कानावर पडताच हात धुवायला वळले.

इंदूबाईंनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "नाय होत," त्या म्हणाल्या.

दुपारी त्या कुशीवर झोपल्या होत्या. मालोजी शेजारी बसले. बोटांनी एकदा दाबून बघितलं असतं तर प्रश्न मिटला असता. चार बोटांचं अंतर, त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. पण हात खाली जाईना. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी श्वास मोजले, डोळे मिटले आणि दुसरा विचार येतो का याची वाट बघितली. वायू असेल. वय असेल. नाळगुंद, म्हणजे बेंबी, सरकली असेल. सगळे विचार ओळीने आले, नम्रपणे उभे राहिले आणि निघून गेले. पहिला तिथेच होता. अख्ख्या बॅचमध्ये नापास व्हायची इच्छा असलेला हा एकटाच विद्यार्थी होता आणि तेही त्याला जमत नव्हतं. मग त्यांनी प्रकाश पाठवला. किती पाठवायचा हे विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून चार वाजेपर्यंत पाठवला.

मंगळवारचे दहा वाजले, तेव्हा इंदूबाई भाकरी थापत होत्या. जेवताना त्यांनी मालोजींच्या देखत पूर्ण अर्धी भाकरी खाल्ली. नंतर भांडी घासायला म्हणून मागे गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. आला तो ओकारीचा, आणि त्यावर पाणी ओतल्याचा. परत आल्या तेव्हा पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "झ्याक गेलं आज जेवन."

बुधवारी सकाळी मालोजी म्हणाले, "चल गं, पनवेलला जाऊन येऊ."

"कशाला? तुमीच तर लिवलंत, काय नाय म्हनून."

"लिहिलं खरं."

"मंग?"

"जाऊन येऊ."

इंदूबाईंनी आणखी विचारलं नाही. लग्नाकार्याची नाही आणि रोजचीही नाही, अशी मधली साडी त्यांनी काढली. चुलीवरचं दूध उतरवून झाकलं. शेजारच्या नंदाला कोंबड्यांकडे बघायला सांगितलं. रस्त्यात माधवीचा फोन आला, नंदाने तिला कळवलं होतं.

"बाबा, पनवेलला? पण तुम्हीच तर... खरं सांगा, तुमचा पहिला विचार काय होता?"

"आवाज नीट येत नाय, पोरी," मालोजी म्हणाले. आवाज स्पष्ट येत होता.

इस्पितळात खिडकीमागच्या मुलीने संगणकात बघितलं. "कालची होती तुमची. तुम्हीच रद्द केलीय. आता पुढची अकरा दिवसांनी."

"आज नाय व्हनार का?" मालोजींच्या तोंडून घरचं मराठी आलं. सरकारी नोकरीत ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचे.

"एखादं कोणी आलं नाही तर बघते. पण पाचपर्यंत बसावं लागेल, आणि होईलच असं नाही."

"बसतो."

"त्रास काय लिहू? जेवण जात नाही, एवढंच आहे इथे."

मालोजींनी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. मागे वळून बघितलं नाही.

"उजवीकडे," ते म्हणाले. "बरगडीच्या खाली. गाठ आहे. लिंबाएवढी."

मुलीची बोटं थांबली. "कोणी सांगितलं? रिपोर्ट आहे का आधीचा?"

"नाही."

"मग लिंबाएवढी कशावरून?"

 मालोजींच्या मागून, बाजारात भाव सांगावा अशा साध्या आवाजात इंदूबाई म्हणाल्या, "होळीला आवळ्याएवढी व्हती."

मालोजी वळले.

होळीला आठ महिने होऊन गेले होते. इंदूबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीतल्या मुलीकडे बघत होत्या. "अंघोळीला लागायची हाताला," त्या तिला समजावून सांगत होत्या. "आधी वाटलं, काय नसंल. मंग वाटलं, हाय. पन रविवारी यांनी हात फिरवला आन् नाय म्हनाले. मी म्हटलं, गेली असंल. तरी काल लागली हाताला. मला वाटलं, माझाच हात चुकतोय."

मागच्या माणसाने घाई असल्यासारखं खाकरून दाखवलं.

"किती दिवसांपासून लिहू?" मुलीने विचारलं. या वेळी हळू विचारलं.

"होळीपासून," मालोजी म्हणाले.

तिने लिहिलं. नंबराचा कागद दिला आणि समोरचा बाक दाखवला. बाक भरलेला होता, कडेला एका माणसाची जागा होती. इंदूबाई तिथे बसल्या. मग मालोजी उभे आहेत असं बघून त्यांनी साडी आवरून घेतली आणि थोड्या सरकल्या. त्यांना आता फार जागा लागत नव्हती. उरलेल्या जागेत मालोजी बसले.