शनिवारचा घास

आमच्या घरी सहल म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे. जंगल, पक्षी, वाघ हे सगळं नंतर. नरनाळ्याची सफारी आम्ही सकाळीच उरकली. थंडीनं बोटं आखडली होती आणि दिसलं काय, तर एक नीलगाय आणि मोर. गाइड मात्र बोलका होता. "वांदर झाडावरून खाकरलं का समजायचं, बिबट जवळ हाय," म्हणाला. माझी सहा वर्षांची स्वराली मग दर झाडाखाली कान टवकारून बसली. वांदर काही खाकरलं नाही.

दुपारी जंगलाला लागून असलेल्या ओळखीच्यांच्या संत्राबागेत उतरलो. माझ्या नवऱ्यानं, मनोजनं, रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवल्या. बागेपलीकडे डोक्याच्या वर गेलेली तूर उभी होती आणि तिच्या मागे डोंगर. सगळ्यांना जागा फार आवडली. मला नाही आवडली, आणि का ते सांगता येईना.

माझे सासरे, आबा, अकोल्यात पूजा सांगतात. शनिवारी मारुतीच्या नावानं वानराला घास दिल्याशिवाय ते जेवत नाहीत. बांधावरच्या कडुनिंबात वानरांचा अख्खा कळप बसलेला पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"आबा, राहू द्या. जंगलातले हायेत ते," मी म्हणाले.

"हर्षा, शनिवार हाय आज. दारी आलेल्या मारुतीले उपाशी ठेवू का?"

दारी कोण आलं होतं? आम्हीच त्यांच्या दारी जाऊन बसलो होतो. पण सासऱ्यांशी वाद घालून कोणत्या सुनेचं भलं झालंय! मी वांगी चिरायला घेतली.

आबांनी पहिला रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि गवतावर टाकला. वानरं बिचकली, खाली येईनात. मग स्वरालीनं हात पुढे केला. "या नं, या नं खाली," अशी लाडीगोडी लावली, तेव्हा पोटाशी पिल्लू धरलेली एक वानरी उतरली. तिच्यामागे बाकीची. जरा वेळात कडुनिंब रिकामा झाला.

मनोज फोटो काढत होता. आबा हात जोडून उभे होते. मी वांग्याची भाजी ढवळत होते आणि काहीतरी खटकत होतं. बागेतले पोपट एकाएकी चूप झाले होते. मी मान वर केली. झाडावर एकही वानर नव्हतं. कळप खाली उतरला तरी एखादं वर बसून राखण करतं, हे मी शाळेत दरवर्षी तिसरीच्या पोरांना शिकवते. आज राखणदारालाही आम्ही पंगतीला बसवलं होतं.

मी पळी टाकून उठले. "स्वराली कुठंय?"

ती तुरीच्या कडेला शेंगा तोडत होती. एका हातात रोडग्याचा तुकडा, आणि त्या तुकड्यासाठी ती पिल्लाची आई तिच्या मागे मागे.

"स्वराली, इकडे ये. पळू नको, चालत ये." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"थांब नं आई, इले घास देऊन राहिली मी."

तिनं तुकडा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. तिच्या मागे तूर हलली. वारा नव्हता.

मी धावले. चपला कुठे गेल्या ठाऊक नाही. पोरीला उचलून छातीशी धरलं, तेवढ्यात ती उभी होती तिथेच पिवळं, ठिपक्यांचं काहीतरी झेपावलं आणि परत तुरीत शिरलं. वानरी ओरडलीसुद्धा नाही. काहीतरी ओढत नेल्याचा आवाज डोंगराकडे गेला. पिल्लू गवतात पडून चिरकत होतं. एका दुसऱ्या मादीनं ते उचललं, सगळा कळप झाडावर चढला आणि मग खाकरू लागला.

आबांनी कडुनिंबाकडे बघत पुन्हा हात जोडले. "मारुतीरायानं वाचवलं पोरीले."

आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता. "मारुतीरायानं नाही आबा. त्या वानरीनं वाचवलं. तिच्या पिल्लाची आई गेली."

रोडगे तसेच विस्तवात सोडून आम्ही निघालो. अकोट मागे पडलं. स्वराली आबांच्या मांडीवर होती. ती झोपली असं मला वाटलं होतं.

"आबा, ती वानरी खाली येत नव्हती नं? मीच बोलावलं नं तिले?"

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून तुपाचा वास येत होता. ते म्हणाले, "तू नाही बाई. मी बोलावलं."