सात आणि आरशातले सात

दोरावर एकूण चौदा ओलांडे होते. एक पदर दुसऱ्यावरून जातो त्या जागेला कल्पिता ओलांडा म्हणायची. डावीकडच्या गाठीत सात, उजवीकडच्या गाठीत सात. दोन्ही गाठी एकाच निळ्या नायलॉनच्या दोरात होत्या आणि दोराची टोकं वितळवून एकमेकांना चिकटवलेली, त्यामुळे दोराला ना सुरुवात होती ना शेवट. उजवी गाठ म्हणजे डावीची आरशातली प्रतिमा. डावीत जो पदर वरून जाई, तो उजवीत खालून.

"टोकच नाय ठेवलं तर सोडवायची कशी, बाय?" रामचंद्रने विचारलं.

"कापून. ओलांड्यापाशी वरचा पदर कापायचा, दुसऱ्याच्या खालून घ्यायचा आणि परत चिकटवायचा. हा झाला एक बदल. कमीत कमी किती बदलांत गाठ जाते, तो त्या गाठीचा आकडा."

जुलै महिना, मासेमारी बंद. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर होड्या ताडपत्रीखाली झोपल्या होत्या आणि रामचंद्र पडवीत जाळी शिवत बसला होता. गणितात पीएच.डी. करणारी त्याची मुलगी कल्पिता घरी आली होती, पण आल्यापासून धड जेवत नव्हती. कारण त्याने आज खोदून खोदून काढलं होतं.

दोन वर्षं ती एकच गोष्ट सिद्ध करायला झटत होती. एका दोरात दोन गाठी जोडल्या की त्यांच्या आकड्यांची नुसती बेरीज होते. या गाठीला तीन बदल लागतात, तिच्या प्रतिमेलाही तीन, म्हणून दोघींना मिळून सहा. जवळजवळ नव्वद वर्षं बहुतेकांना हे खरंच वाटत आलं होतं. सिद्ध तेवढं कुणाला करता आलं नव्हतं. आणि जूनच्या शेवटी अमेरिकेतल्या दोन गणितज्ञांनी संगणकाला असंख्य गाठी तपासायला लावून दाखवून दिलं, की याच दोन गाठी जोडल्या तर पाच बदलही पुरतात.

बेरीज मोडली. कल्पिताचा प्रबंधही मोडला. नवा विषय घेऊन राहायचं की सोडायचं, ते सोमवारी सांग, असं मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या. अंधेरीतली एक विमा कंपनी तिला घ्यायला तयार होती.

"दोन वरसं हिने गाठ मारली, आणि त्या दोघांनी येऊन सोडली," सुका जवळा निवडता निवडता वनमाला म्हणाली.

"आई, तू गप गं."

"मना पटत नाय," रामचंद्र म्हणाला. "दोन जाळी फाटली तर दोन जाळ्यांचंच काम पडतं. शेजारी शेजारी ठेवली म्हणून कमी व्हतं काय?"

"मलाही पटत नाही, बाबा. कागदावर सगळ्या पायऱ्या तपासल्या, चूक सापडत नाही. म्हणून तर दोर आणला."

तिने त्या गणितज्ञांच्या लेखातून छापून आणलेलं पहिलं चित्र पडवीत पसरलं आणि न कापता दोर तसा मांडला. एक वेढा ओढून दुसऱ्या गाठीवर टाकला, दुसरा खालून नेला, तिसऱ्याला उगाच पीळ दिला. नीटस चौदा ओलांड्यांचा पार गुंता झाला. मग आत गेलेल्या आईने हाक मारली म्हणून ती उठली.

बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा रामचंद्र लायटर खिशात ठेवत होता.

"झालं. इथं तीन, तिथं तीन. एक बदल केला की दोन ओलांडे जातात. साताचे पाच, पाचाचे तीन, तिनाचा एक, आणि तो हातानेच निघतो. सहा! तुझे अमेरिकावाले चुकले."

कल्पिता खाली बसली. "बाबा, मी टाकलेले वेढे कुठे गेले?"

"ते नुसतेच आडवेतिडवे पडले व्हते. सोडवले. गुंता तसाच ठेवून कोण काम करतं?"

ती हसणार होती, पण तिचं हसू ओठातच राहिलं. दोन वर्षांत काढलेल्या आकृत्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. शेकडो होत्या आणि प्रत्येक नीटनेटकी. काम सुरू करण्याआधी गाठ जितकी साफ करता येईल तितकी तिनेही केली होती. तेच शिकवलं होतं तिला. शिकवणाऱ्यांनाही तेच शिकवलं असणार.

"नवा दोर द्या," ती म्हणाली. "आणि या वेळी काही नीट करायचं नाही."

"हात ऐकत नाय माझे."

"मग मी सांगते तेवढंच करा."

पुन्हा सात, पुन्हा आरशातले सात, पुन्हा तो गुंता. कल्पिता चित्रावर बोट ठेवी, रामचंद्र कापी, खालून घेई, चिकटवी. दोन बदल झाले आणि गुंता होता त्याहून वाईट दिसायला लागला. वनमाला जवळा सोडून जवळ आली.

"ही सुटते हाय का वाढते हाय?"

"थांब गं."

तिने दोर पुढच्या चित्रासारखा फिरवला. तिसरा बदल. चौथा. रामचंद्रने दोर उचलला, आणि त्याचे हात थबकले. डावीकडचा एक पदर सैल झाला होता. तो ओढला तर उजवीकडचा वेढा त्याच्यामागून यायला लागला. एक गाठ दुसरीला मोकळी करत होती.

"मी काय करत नाय, बाय," तो हळू आवाजात म्हणाला. "आपलं आपणच येतंय."

कल्पिता दोरावर वाकली. पायरी न् पायरी तपासली होती तिने, तरी हे असं हातात येईल असं वाटलं नव्हतं. ज्या दोन गोष्टी शेजारी असून एकमेकींच्या कधीच कामी येणार नाहीत असं मानून ती दोन वर्षं बसली होती, त्या तिच्या बापाच्या हातात एकमेकींना सोडवत होत्या. आणि हे दोरात आधीपासून होतं. कुणी बघितलं नव्हतं तेव्हाही होतं.

"अजून एक," ती म्हणाली आणि बोट ठेवलं.

रामचंद्रने कापलं, खालून घेतलं, चिकटवलं. दोर झटकला. दोन वेढे निसटले, एक अडकला, तो वनमालाने करंगळीने काढला. खाडीपलीकडे मढला जाणाऱ्या फेरीबोटीचा भोंगा वाजला.

कल्पिताने फोन लावला.

"मॅडम, सोमवारपर्यंत थांबत नाही, आत्ताच सांगते. मी राहते. माझ्या सगळ्या आकृत्या परत काढायच्या आहेत, आधी विस्कटून. आणखी कुठल्या जोड्यांत असं होतं ते बघायचंय."

पलीकडून मॅडमनी काहीतरी विचारलं.

"हो, करून बघितलं. खऱ्या दोरावर. थांबा, मोजून सांगते."

रामचंद्रने दोन्ही हात फाकवून दोर ताणून धरला. एक साधं मोकळं कडं. वनमालाने त्यावरून बोट फिरवत जोड मोजले, आणि टोकं मुळात जिथे चिकटवली होती तो जोड कल्पिताने त्यातून वगळला.

ओलांडे शून्य. जोड पाच.