हवं ते बसवा

लेकीने तिसऱ्यांदा ते पान उघडले. पडद्याच्या मधोमध तोच काळा चौकोन आला आणि त्याखाली तीच ओळ : हा व्हिडिओ चालवण्यासाठी लागणारे घटक या संगणकावर नाहीत. चार वाजायला वीस मिनिटे होती. विलगीकरण कक्षातला कॅमेरा चार ते सव्वाचार एवढाच वेळ घरच्यांसाठी सुरू असे, आणि तोही रुग्णाने नोंदवलेल्या एकाच संगणकावर. दाखल होताना बाबांनी अर्थातच स्वतःचा नोंदवला होता.

“दिसतंय का गं?” आईने विचारले. दहा मिनिटांत चौथ्यांदा ती चष्मा पुसत होती.

“दिसेल.”

त्या संगणकावर लिनक्स ही कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली होती, आणि ती सोय म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून बसवलेली होती. ज्यावर एखाद्या कंपनीचे पेटंट आहे असे काहीही आपल्या यंत्रात शिरू द्यायचे नाही, मग निम्मे व्हिडिओ न दिसले तरी बेहत्तर, हा बाबांचा तीस वर्षांचा नेम. या नेमापायी ते शेजाऱ्यांशी भांडले होते, जावयाशी भांडले होते; एकदा तर इंटरनेटची तार ओढायला आलेल्या माणसाशी, तो शिडीवर असतानाच.

सुट्टी मिळत नाही म्हणून परगावीच राहिलेल्या दादाला तिने फोन लावला.

“व्हिडिओ उलगडणारे ते पेटंटवाले कोडेक नाहीत,” तो म्हणाला. “मी सांगतो ती ओळ टाइप कर आणि एंटर दाब. दोन मिनिटांचं काम.”

तिने अक्षर अक्षर जुळवले. संगणकाने पासवर्ड मागितला.

“तो फक्त बाबांनाच ठाऊक,” दादा म्हणाला. “विचार. पण आधी खुर्ची घे. मी एका सिनेमासाठी हेच मागितलं होतं, तर दोन दिवस माझी उलटतपासणी चालली. सिनेमा राहिला आणि मी रागारागाने वसतिगृहावर परत गेलो.”

आई हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली, आणि लगेच ओठ मिटून घड्याळाकडे पाहू लागली.

कक्षात फोन करण्यापूर्वी लेकीने एका पाकिटावर मुद्दे मांडले. एवढ्या कामापुरतेच बसवणार. दुसरा काही उपाय नाही. तुम्ही घरी आलात की त्याच दिवशी काढून टाकेन. ‘घरी’ या शब्दापाशी पेन थांबले. मग तिने तो नेटाने पुरा केला. सोयीसाठी एकदा मोडलेला नियम पुन्हा सांधता येत नाही, हे त्यांचे उत्तर तिला पाठ होते. त्यासाठी तिने चौथा मुद्दा राखून ठेवला : आईला तुम्हाला पाहायचंय.

“तोंडावर मास्क आहे त्यांच्या,” सिस्टर म्हणाली. “थोडक्यात सांगा.”

“सांगा, व्हिडिओसाठी त्यांना नको असलेलं बसवायचंय. पासवर्ड हवाय. आणि नाही म्हणाले तर फोन ठेवू नका हं, माझ्याकडे उत्तर आहे.”

सिस्टर गेली. कुठल्याशा यंत्राची टिकटिक ऐकत लेक पाकीट मुठीत धरून बसली. तिच्या अंदाजाने निदान पाच मिनिटे लागायला हवी होती. सिस्टर गेली तशी लगेच परत आली.

“घ्या लिहून.”

पाकीट उलटे करून तिने कोऱ्या बाजूवर आठ अक्षरे लिहिली.

“आधी काय म्हणाले?”

“काही नाही.”

“का, कशाला, असं काही?”

“नाही हो. हवं ते बसवा, म्हणाले.”

तिची बोटे दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पासवर्ड लागला, ओळींमागून ओळी पडद्यावरून सरकल्या, आणि चाराच्या ठोक्याला काळा चौकोन उजळला. पलंग, नळी, आणि मास्कच्या वर तेवढे ओळखू येणारे कपाळ. आईने खुर्ची इतकी पुढे ओढली की तिचे नाक पडद्याला टेकेल.

“बघ तरी! किती समजूतदार झालेत गं. एका शब्दानं अडवलं नाही.”

“हो,” लेक म्हणाली. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतले.

“दिसले?” दादाने विचारले.

“दिसले.”

“किती वेळ भांडले?”

“नाही भांडले. लगेच दिला.”

पलीकडे कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला. मग बॅग ओढल्याचा.

“आईला सांग,” तो म्हणाला, “मला सुट्टी मिळालीय.”